‘डेप्स’ पांढरा, ‘डिपेंड्स’ रंगीत: व्हिममध्ये आमच्या सीमेक फंक्शनना रंग देतानाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

सकाळी दहाला उघडलेला बग दुपारी अडीचला मिटला. बदललं काय, तर एक शब्द. विसरायच्या आत लिहून ठेवते, कारण पुढचं काम त्या शब्दापायीच काढलं आहे.

प्रकल्पाचं नाव ‘कोश’. भाषा सी प्लस प्लस, बिल्ड सीमेकवर, म्हणजे कोडमधून प्रोग्राम कसा बांधायचा ते ठरवणाऱ्या साधनावर. मॉड्यूल जोडणं, टेस्ट जोडणं, फाइल बायनरीत एम्बेड करणं अशा कामांसाठी सीमेकच्या वर आमची स्वतःची सात फंक्शन आहेत, सगळी ‘कोश_’ने सुरू होणारी. नवीन मॉड्यूलसाठी मी हे लिहिलं:

    कोश_ॲड_मॉड्यूल(शोध
      सोर्सेस शोध.सीपीपी अनुक्रम.सीपीपी
      डिफाइन्स जलद_शोध
      डिपेंड्स कोअर)

कंपाइल केलं तर ज्या हेडरला (बाकीच्या फाइलींत समाविष्ट होणाऱ्या घोषणांच्या फाइलला) महिनाभर कुणी हात लावला नव्हता त्यात ढीगभर एरर. नेमस्पेसच्या ओळीवर तक्रार, की इथे नावाऐवजी आकडा कसा. हेडर वाचलं, ठीक होतं. दुसरा कंपायलर लावून पाहिला, तेच. बिल्ड फोल्डर उडवून पहिल्यापासून बांधलं, तेच. शेवटी नुसता प्रीप्रोसेसर (कंपाइलच्या आधी मजकुरात अदलाबदल करणारी पायरी) चालवून त्याचं आउटपुट वाचलं तेव्हा दिसलं: ‘नेमस्पेस कोअर’च्या जागी ‘नेमस्पेस १’.

घडलं ते असं. आमच्या फंक्शनमध्ये अवलंबित्वाचा शब्द ‘डिपेंड्स’ नाहीच, ‘डेप्स’ आहे. फंक्शन आतून ‘सीमेक_पार्स_आर्ग्युमेंट्स’ वापरतं. तिची रीत सरळ आहे: ओळखीचा शब्द आला की नवं खातं उघडायचं, अनोळखी आला की चालू खात्यात जमा करायचा. ‘डिपेंड्स’ अनोळखी. म्हणून तो आणि त्यामागचा ‘कोअर’ असे दोघंही ‘डिफाइन्स’च्या खात्यात जमा झाले. कंपायलरला ‘कोअर’ नावाचा मॅक्रो (दिसेल तिथे किंमत भरायचं नाव) मिळाला, किंमत न देता. आणि असा मॅक्रो आला की त्याची किंमत १ धरतात. आमची सगळी हेडर एकाच इन्क्लूड फोल्डरात आहेत, त्यामुळे ‘फाइल सापडली नाही’ हा सरळमार्गी एररसुद्धा नशिबी आला नाही.

तपासणी नाही असं नाही. ‘अनपार्स्ड_आर्ग्युमेंट्स’ रिकामं नसेल तर बिल्ड थांबवायचं, हे सातही फंक्शनमध्ये आहे. पण अनेक किमती घेणारा शब्द एकदा येऊन गेला की त्याच्या मागे आलेलं काहीच ‘न ओळखलेलं’ उरत नाही. तो सगळं गिळतो. सीमेक ३.१५ पासून ‘कीवर्ड्स_मिसिंग_व्हॅल्यूज’ही मिळतं, पण ते किंमत न मिळालेल्या शब्दांपुरतं. इथे उलट झालं होतं, किमती जास्तच मिळाल्या होत्या.

सीनिअरला सांगितलं तर तो म्हणाला, “मग डेप्सचं डिपेंड्स करून टाक की.” करता येईल, पण हे फंक्शन शंभरावर ठिकाणी वापरलंय. आणि बदललं तरी उद्या कुणी ‘सोर्स’ लिहील, परवा ‘डिफाइन’. मला लिहितानाच कळायला हवं. दिवसभर डोळ्यांसमोर असतो तो एडिटर, आणि त्या ओळींवर तो गप्प होता.

काम ठरलं: आमच्या फंक्शनच्या कंसात बरोबर शब्द रंगीत दिसावा, चुकीचा दिसू नये. बाकी शोभेशी मला घेणंदेणं नाही.

७ जानेवारी, मंगळवार

माझा एडिटर व्हिम. त्याची शिस्त अशी की मूळ सिंटॅक्स फाइलला, म्हणजे कुठल्या शब्दाला कुठला रंग ते सांगणाऱ्या फाइलला, हात लावायचा नाही. ती उचलून आपल्या फोल्डरात आणून बदलता येते, पण मग व्हिम अपग्रेड झालं की नव्या कमांडचे रंग आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत. भर घालायची असेल तर रनटाइमपाथवरच्या (व्हिम आपल्या फाइली जिथे शोधतं त्या यादीतल्या) ‘आफ्टर/सिंटॅक्स’ फोल्डरात ‘सीमेक.व्हिम’ ठेवायची. ती मूळ फाइलनंतर वाचली जाते.

ठेवली. आत जेमतेम पाच ओळी. फाइल उघडली, रंग नाही. स्पेलिंग पाहिलं, फोल्डरचं नाव पाहिलं, व्हिम बंद करून उघडलं. मग ‘स्क्रिप्टनेम्स’ चालवलं तर यादीत माझी फाइल आहे, म्हणजे वाचली जात्येय. वाचली जात्येय आणि काही करत नाही.

चूक माझ्याच सवयीची निघाली. कुठलीही सिंटॅक्स फाइल सुरू करताना डोक्यावर तीन ओळी चिकटवायची सवय आहे: ‘बी:करंट_सिंटॅक्स’ आधीच ठरलेलं असेल तर इथूनच परत जा. एकाच बफरवर (उघडलेल्या फाइलवर) दोन सिंटॅक्स चढू नयेत म्हणून ती राखण असते. पण आफ्टरमधली फाइल येते तेव्हा मूळ फाइलने ते नाव ठरवून टाकलेलंच असतं, त्यामुळे माझी फाइल रोज इमानेइतबारे उघडून पहिल्याच ओळीवरून परत जात होती. राखण काढली, रंग आला.

चाळीस मिनिटं.

८ जानेवारी, बुधवार

आत्ता फाइलमध्ये मुख्य ओळ एकच आहे:

    सिंटॅक्स कीवर्ड सीमेककमांड कोश_ॲड_मॉड्यूल कोश_ॲड_टेस्ट कोश_एम्बेड_फाइल … नेक्स्टग्रुप=सीमेकआर्ग्युमेंट्स

नवा गट काढण्याऐवजी नावं मूळ फाइलच्याच ‘सीमेककमांड’ गटात घातली. रंग आपोआप मूळ कमांडचा मिळतो, आणि ‘नेक्स्टग्रुप’मुळे नावापुढचा कंस मूळ फाइलच्या आर्ग्युमेंटच्या नियमांनी वाचला जातो.

एक बारकावा: सीमेकमध्ये कमांडचं नाव कॅपिटलमध्ये लिहा, स्मॉलमध्ये लिहा, चालतं. आमच्या जुन्या फाइलींत ‘कोश_ॲड_मॉड्यूल’ पूर्ण कॅपिटलमध्येही आहे, कोणे एके काळी तशी पद्धत होती. तिथे रंग येईना. मूळ फाइल कमांड लिहिताना ‘सिंटॅक्स केस इग्नोअर’ करते आणि नंतर परत ‘मॅच’वर आणते, माझी फाइल त्यानंतर येते म्हणून तिला ‘मॅच’ वारशात मिळतं. माझ्या ओळीच्या आधी ‘इग्नोअर’ आणि नंतर पुन्हा ‘मॅच’ लावलं. हे परत फिरवणं विसरायचं नाही, कारण आर्ग्युमेंटमधल्या शब्दांना केस लागते: ‘डेप्स’ कॅपिटलमध्येच हवा, नाहीतर पार्सर त्याला ओळखत नाही.

नावं रंगली. सीनिअर मागून डोकावला, “छान दिसतंय.” मलाही वाटलं, झालं बहुतेक.

१० जानेवारी, शुक्रवार

झालं नव्हतं. उलट काम बिघडलेलं होतं.

सोमवारची चुकीची ओळ मुद्दाम परत लिहून पाहिली. ‘डिपेंड्स’ झळझळीत रंगात. तो खोडून ‘डेप्स’ लिहिलं, पांढरं. म्हणजे चुकीच्या शब्दाला शाबासकी आणि बरोबर शब्दाकडे कुणी बघत नाही. (सोमवारी तो रंगीत होता का? आठवत नाही. असला तर चार तास मी त्याच रंगावर विसंबून होते असं होतं, आणि ते आठवायची इच्छाही नाही.)

असं का होतं ते शोधायला आधी एक छोटी की-मॅपिंग लिहिली: कर्सरखालच्या अक्षरावर ‘सिनस्टॅक’ फंक्शन चालवायचं आणि मिळालेल्या प्रत्येक आकड्याचं नाव ‘सिनआयडीॲट्र’कडून विचारायचं. थोडक्यात, शब्दाचं गोत्र विचारायचं. सिंटॅक्सच्या कामात याच्याइतकं उपयोगी हत्यार नाही. पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. ‘डिपेंड्स’चं गोत्र निघालं ‘ॲड_कस्टम_कमांड’च्या शब्दांचा गट. त्या कमांडला ‘डिपेंड्स’ खरोखरच असतो.

पण माझ्या फंक्शनच्या कंसात तो का रंगावा? मूळ फाइलमध्ये आर्ग्युमेंटच्या कंसाला लावलेला नियम ‘कंटेन्स=ऑलबट’ असा आहे: ही दिलेली थोडी नावं सोडून बाकी सगळे गट या कंसात चालतील. प्रत्येक कमांडच्या शब्दांचा गट वेगळा आहे खरा, पण कंस सगळ्यांना एकच. त्यामुळे ‘इन्स्टॉल’चे शब्द ‘सेट’मध्ये रंगतात, ‘सेट’चे ‘इन्स्टॉल’मध्ये. सर्वसाधारण वापराला हे पुरतं. एवढ्या सगळ्या कमांडना वेगवेगळा कंस देत बसण्यापेक्षा शहाणपणाचंही आहे. पण मला हवाय तो रंग ‘हा शब्द इथे चालतो’ असं सांगणारा. या रंगाचा अर्थ ‘हा शब्द सीमेकमध्ये कुठेतरी असतो’ एवढाच आहे.

तेव्हा मूळ कंस उसना घेऊन भागणार नाही. आमचा कंस वेगळा हवा.

१३ जानेवारी, सोमवार

दिवसभर कंसांशी कुस्ती.

पहिला डाव. ‘कोशआर्ग्युमेंट्स’ नावाचा प्रदेश काढला: उघडत्या कंसाने सुरू, बंद कंसाने संपतो, आत फक्त मी नावानिशी सांगितलेले गट. तो ‘कंटेन्ड’ केला, म्हणजे मोकळ्यावर सुरू होणार नाही, आणि फंक्शनच्या नावांचं ‘नेक्स्टग्रुप’ त्याच्याकडे वळवलं. ‘डिपेंड्स’ पांढरा पडला, ‘डेप्स’ रंगला. पाच मिनिटं आनंद.

मग मुख्य सीमेकलिस्ट्स फाइल उघडली तर ‘इफ’च्या अटींमधले रंग गेलेले. सगळीकडे नाही, ‘इफ(नॉट (अ अँड ब))’ अशा आतल्या कंसातच. गोत्र विचारलं तर आतला कंस म्हणतोय ‘कोशआर्ग्युमेंट्स’! माझा ‘इफ’शी काय संबंध? संबंध तोच ‘ऑलबट’. काही नावं सोडून बाकी सगळे गट, आणि ‘बाकी सगळे’मध्ये आज सकाळी जन्मलेला माझा गटही आला. ‘कंटेन्ड’ असूनही, ‘ऑलबट’ ते पाहत नाही. माझा प्रदेश कुठल्याही उघडत्या कंसाने सुरू होतो, म्हणून मूळ कंसाच्या आत दुसरा कंस दिसला की हा जाऊन बसतो.

दुसरा डाव. प्रदेश कंसापासून न काढता फंक्शनच्या नावापासूनच काढायचा: नाव, मधली रिकामी जागा, कंस, एवढं मिळून सुरुवात. ‘मॅचग्रुप=सीमेककमांड’ लावला की सुरुवातीच्या तुकड्याला कमांडचा रंग मिळतो. आता ‘इफ’च्या आत हा घुसू शकत नाही, कारण तिथे ‘कोश_’चं नाव आणि पुढे कंस असं कुणी लिहिणार नाही. ‘कंटेन्ड’ची गरजही संपली.

चालवलं. काहीच नाही. शुक्रवारच्याच रंगात सगळं.

यावेळी मदतीचं पान आधी उघडलं. रंगवायचे प्रकार तीन: कीवर्ड म्हणजे ठरावीक शब्द, मॅच म्हणजे पॅटर्न, प्रदेश म्हणजे सुरुवात ते शेवट असा तुकडा. अग्रक्रमाचे नियमही जेमतेम तीन आहेत. एकाच जागी सुरू होणाऱ्या मॅच आणि प्रदेशांत शेवटी लिहिलेला जिंकतो. कीवर्ड मॅचला आणि प्रदेशाला नेहमीच भारी. आणि आधी सुरू झालेलं नंतर सुरू होणाऱ्याला भारी. व्हिममध्ये सिंटॅक्सचे रंग १९९८ साली ५.० आवृत्तीत आले. तेव्हापासूनची ही यंत्रणा, आणि अजून तिथे अडखळायला होतं. बुधवारची माझी कीवर्डची ओळ फाइलमध्ये तशीच होती. नाव कीवर्ड म्हणून उचललं जायचं आणि प्रदेशाला सुरू व्हायला जागाच उरत नव्हती. ती ओळ काढली.

आता ‘डिपेंड्स’ पांढरा, ‘डेप्स’ रंगीत, ‘इफ’ शाबूत. उघडता कंसही कमांडच्या रंगात रंगतो. तो वेगळा काढता येईल, पण राहू दे.

१४ जानेवारी, मंगळवार

सातही फंक्शनना एकच शब्दयादी दिली तर शुक्रवारचाच दोष छोट्या प्रमाणावर परत येतो: ‘कोश_ॲड_टेस्ट’ला ‘टाइमआउट’ असतो, ‘कोश_ॲड_मॉड्यूल’ला नसतो. म्हणून व्हिमस्क्रिप्टमध्ये एक डिक्शनरी केली, डावीकडे फंक्शनचं नाव, उजवीकडे त्याचे शब्द, आणि ‘फॉर’ने फिरून ‘एक्झिक्यूट’ने प्रत्येकाचा प्रदेश व शब्दगट तयार केला. वीस-बावीस ओळींत मावलं.

आमचे हे शब्दगट ‘ऑलबट’मुळे मूळ कमांडच्या कंसातही रंगतात. ‘सेट(डेप्स …)’ लिहिलं की ‘डेप्स’ रंगतो. टाळायचं तर मूळ आर्ग्युमेंटचा प्रदेश ‘सिंटॅक्स क्लिअर’ने पुसून वगळण्याच्या यादीत आमची नावं घालून परत लिहावा लागेल, म्हणजे मूळ फाइलची एक ओळ आमच्याकडे कॉपी होऊन शिळी होत बसणार. नको. परक्या कंसात आमचा शब्द रंगला तर कुणाचं नुकसान नाही. आमच्या कंसात परका शब्द रंगला तर माझा अर्धा दिवस जातो.

दुपारी एका फाइलमध्ये कॉलच्या मधूनच रंग बंद. वरच्या ओळीवर कमेंट होती, ‘# जुनं नाव (काढायचं आहे)’. माझ्या ‘कंटेन्स’च्या यादीत स्ट्रिंग, व्हेरिएबल, जनरेटर एक्स्प्रेशन होतं, कमेंट नव्हती. त्यामुळे कमेंटमधल्या बंद कंसाने प्रदेशच संपवला. कमेंट घातली, सोबत ‘#[[’वाली ब्रॅकेट कमेंटही, ती सीमेक ३.० पासून आहे आणि आमच्याकडे एकाने भरपूर वापरली आहे.

लांब फाइलच्या शेवटी उडी मारली की कधीकधी कॉलच्या मध्येच वाचायला सुरुवात होते आणि रंग चुकतात. ‘सिंटॅक्स सिंक फ्रॉमस्टार्ट’ लावलं. आमच्या फाइली हजार ओळींच्या आत आहेत, तेवढा भार चालतो.

१६ जानेवारी, गुरुवार

मोह झाला. पांढरा शब्द नजरेतून सुटू शकतो. अनोळखी शब्द सरळ लालच का करू नये?

करायला सोपं आहे. आमच्या प्रदेशात कॅपिटल अक्षरांच्या कुठल्याही शब्दाला ‘एरर’चा रंग देणारा एक मॅच ठेवायचा. कीवर्ड मॅचला भारी असतो, म्हणून ओळखीचे शब्द आपापल्या रंगात राहतील आणि उरलेले लाल होतील. सोमवारी ज्या नियमाने रडवलं तोच आज फुकट राबणार. लिहिलं, ‘डिपेंड्स’ लालभडक. बरं वाटलं.

मग रिपॉझिटरीतल्या बाकीच्या फाइली उघडल्या. गोवर आल्यासारख्या. ‘डिफाइन्स’च्या मागे येणारे मॅक्रो सगळे कॅपिटलच असतात, ते सगळे लाल. ‘स्टॅटिक’, ‘शेअर्ड’, ‘पब्लिक’, ‘प्रायव्हेट’ यादीत घालून वाचवले. मॅक्रो कसे वाचवणार? ‘डिफाइन्स’ आणि पुढचा ओळखीचा शब्द यांच्यामध्ये वेगळा उपप्रदेश काढून तिथे लाल बंद करता येईल. पण सोमवारचा ‘डिपेंड्स’ पडला होता तो नेमका तिथेच, ‘डिफाइन्स’च्या मागे! म्हणजे जिथे चूक सापडायला हवी तिथलाच पहारा उठवायचा.

अधोरेखित करून पाहिलं, फिक्या रंगात पाहिलं. दर दुसऱ्या ओळीखाली रेघ असली की दोन दिवसांत रेघेकडे बघणंच सुटतं. काढून टाकलं. आमच्या कॉलमध्ये शब्द नव्या ओळीच्या सुरुवातीला लिहायची पद्धत आहे, त्यामुळे डावीकडची कड वरून खाली वाचताना मधलाच एक पांढरा शब्द डोळ्यांत भरतो. तेवढ्यावर भागवायचं.

१७ जानेवारी, शुक्रवार

डिक्शनरी हाताने सांभाळायची की सीमेकच्या फाइली वाचून आपोआप तयार करायची?

अर्धा दिवस जनरेटरवर घातला. फंक्शनची नावं काढणं सोपं, ओळीच्या सुरुवातीला ‘फंक्शन(’ किंवा ‘मॅक्रो(’ शोधलं की झालं. शब्द काढणं अवघड. चार फंक्शनमध्ये याद्या आधी ‘सेट’ने व्हेरिएबलमध्ये भरून मग पार्सरला दिल्या आहेत, दोनमध्ये थेट स्ट्रिंगमध्ये अर्धविरामांनी जोडून, आणि एकात सीमेक ३.७ पासूनची ‘पार्स_आर्गव्ही’वाली रीत आहे, जिथे आर्ग्युमेंटचा क्रमच निराळा. तिन्ही वाचणारं लिहायचं म्हणजे सीमेकचा छोटा इंटरप्रिटरच लिहायचा. सात फंक्शनसाठी! डोंगर पोखरून उंदीर काढायचा, तोही वर्षातून दोनदा बदलणारा. सोडून दिलं.

त्याऐवजी तपासणी: फंक्शनची नावं सीमेक फाइलींतून काढायची, डिक्शनरीतली नावं व्हिम फाइलमधून काढायची, दोन्ही लावून ‘डिफ’. फरक निघाला तर सीआय (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासण्या) लाल. शब्दांची तपासणी होत नाही, फक्त नावांची. नवीन फंक्शन आलं की कुणीतरी डिक्शनरी उघडेल, आणि उघडली की शब्दही लिहील, इतपत भरवसा टीमवर आहे. त्यातच ‘सीमेक --हेल्प-कमांड-लिस्ट’चीही यादी ताडून घेते, आमचं एखादं नाव मूळ कमांडच्या नावावर पडलं तर कळावं म्हणून.

२० जानेवारी, सोमवार

फाइल टीमला दिली. प्रकल्पात ‘टूल्स/व्हिम’ असं फोल्डर केलं, त्यात ‘आफ्टर/सिंटॅक्स’. व्हिम ८ पासूनच्या पॅकेजच्या सोयीने ‘पॅक’खाली, ‘स्टार्ट’ फोल्डरात त्याचा दुवा दिला की आतलं आफ्टर फोल्डरही आपोआप रनटाइमपाथच्या शेवटी लागतं.

अर्ध्या तासात शेजारच्या टेबलावरून, “ए, माझ्याकडे काहीच बदललं नाही.”

तो निओव्हिम (व्हिमपासूनच निघालेला वेगळा एडिटर) वापरतो, ट्री-सिटरसह, म्हणजे कोडची रचना ओळखणाऱ्या पार्सरसह. ट्री-सिटरचे रंग सुरू झाले की जुनी पॅटर्नवाली सिंटॅक्स त्या बफरपुरती बंद होते, मग माझी आफ्टर फाइल असली काय नसली काय. तिथला मार्ग वेगळा: ‘आफ्टर/क्वेरीज/सीमेक’मध्ये ‘हायलाइट्स.एससीएम’, आणि पहिल्या ओळीवर ‘; एक्स्टेंड्स’ अशी कमेंट, म्हणजे मूळ क्वेरी बदलण्याऐवजी तिच्यात भर पडते.

दोघांनी बसून लिहिलं, आणि मला जरा हेवा वाटला. तिथे कॉल हा कॉल म्हणूनच ओळखला जातो: कमांडचा नोड, त्यात नाव, त्यात आर्ग्युमेंटची यादी. नाव अमुक असेल आणि आर्ग्युमेंट या यादीतलं असेल तर रंग दे, एवढं सांगायचं. कंस कुठे संपतो, कमेंटमध्ये कंस आहे का, कुठून वाचायला सुरुवात करायची, ही माझी सगळी आठवड्याची रड तिथे नाहीच. फक्त नावाची तुलना करताना लहानमोठ्या अक्षरांचा भेद होतो, तेव्हा ‘ईक्यू’ऐवजी ‘मॅच’ घेऊन केस न पाहणारा पॅटर्न दिला.

“मग तूच का येत नाहीस इकडे?” तो म्हणाला. येईन कदाचित. पण सर्व्हरवर लॉगिन केलं की साधं व्हिमच असतं, आणि बिल्डची भांडणं नेमकी तिथेच होतात.

आता शब्दयादी दोन ठिकाणी आहे. सीआयच्या ‘डिफ’मध्ये तिसरी बाजू जोडली.

२२ जानेवारी, बुधवार

रंगांची टेस्ट. हसले सगळे, पण ‘ऑलबट’ने दोनदा दगा दिल्यावर मला मूळ फाइलच्या पुढच्या बदलाचा धसका आहे.

एक नमुना सीमेक फाइल: बरोबर कॉल, चुकीचा कॉल, कंसवाली कमेंट, ‘इफ’मधला दुहेरी कंस, कॅपिटलमधलं नाव. व्हिम न दिसता चालवायचं, आमची छोटी व्हिमआरसी (सेटिंग्जची फाइल) देऊन, आणि ठरावीक ओळ-कॉलमवर ‘सिनआयडी’ विचारून अपेक्षित गटाशी ताडायचं. जुळलं नाही तर ‘सीक्विट’. तो शून्य नसलेला एक्झिट कोड देतो, सीआयला तेवढं बास. ओळ-कॉलमचे आकडे हाताने लिहिलेत, म्हणून नमुना फाइलच्या वर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: इथे मधे ओळ घालू नका.

नऊ तपासण्या. पहिल्याच फेरीत एक पडली: ‘कोश_एम्बेड_फाइल’च्या डिक्शनरीत ‘आउटपुट’चं स्पेलिंग मीच चुकवलं होतं. शब्द पांढरा दिसायचा आणि मला वाटायचं, आहे तो तसाच.

२९ जानेवारी, बुधवार

सीनिअरने आठवं फंक्शन जोडलं, सीआय लाल झालं, आणि त्याने मला मेसेज केला: “तुझी ती रंगाची भानगड माझं बिल्ड अडवतेय.” डिक्शनरी कुठे आहे ते सांगितलं. पंधरा मिनिटांनी त्याचा बदल आला, नाव आणि पाच शब्द. रिव्ह्यूला घेतला, फाइल उघडली. त्याच्या स्वतःच्याच पहिल्या कॉलमध्ये तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला ‘डिपेंड्स’ होतं, पांढरं. तेवढ्या ओळीवर कमेंट टाकली आणि परत पाठवला.